सुटलेली वायर

जुन्या सुटकेसला भोक पाडून काकांनी मोठा स्पीकर बसवला, आत स्कूटरची बॅटरी ठेवली. लेकीकडे जाताना गाडीत गाणी हवीत म्हणे. काकूंनी दारातूनच तोंडाचा पट्टा सोडला होता. "चांगल्या सुटकेसचं वाटोळं केलंत. त्यापेक्षा मलाच पुढच्या सीटवर बसवा, वाजत जाईन."

काकांनी मान वर केली नाही. वर्षभरात त्यांचं एकदाही उलट उत्तर नाही. जन्मभर घासूनपुसून नवरा अखेर सुतासारखा सरळ केला, याचा काकूंना कोण अभिमान!

शेवटचा स्क्रू पिळून काकांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. त्यांनी डोळे मिटून सुटकेसवर बोटांनी ठेका धरला, मग काकूंच्या ओठांकडे बघत विचारलं, "कसा वाजतोय?"

स्पीकरची वायर सुटून बाहेर लोंबत होती. खोलीत पंख्याच्या कुरकुरीशिवाय कसलाही आवाज नव्हता.

'अहो, वायर' हे शब्द काकूंच्या जिभेवर आले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते गिळले.

"जरा हळू करा," एकेक शब्द सुटा करत, तोंड मोठं उघडून त्या म्हणाल्या, "कान किटले माझे."

काकांनी खूश होऊन आवाज कमी केला.