पंचमाला वाजणारा लोलक

निपाणीजवळच्या राजवाड्यात आता गाण्याचे कार्यक्रम होतात. दुपारच्या तालमीत चिन्मयीने पंचम लावला की दरबारातलं झुंबर किणकिणायचं. तीनशे लोलक, नेमका कुठला वाजतो, कुणाच्याच कानाला सापडेना. “खाली उतरवा, गोदामात टाका,” व्यवस्थापक वर बोट दाखवत म्हणाले. चाळीस वर्षं झुंबर पुसणारे आण्णाप्पा शिडी घेऊन आले. “आक्का, त्योच सूर धरा. मी हात करेपतूर सोडू नगासा.” ती गात राहिली. आण्णाप्पा एकेका लोलकाला बोट टेकवत गेले. एकाशी थांबले, त्याची सैल तार आवळली आणि हात केला. पंचम पुन्हा लागला. झुंबर गप्प राहिलं. आण्णाप्पांनी वरूनच विचारलं, “थांबलं काय, आक्का? माझं कान गेल्यात, चार वर्सं झाली.” चिन्मयीने जोरात मान डोलावली. ते खाली उतरल्यावर तिने तानपुरा छेडला आणि त्यांचा तळहात भोपळ्यावर टेकवला.