मधला गेअर

भावकीतल्या राजकुमारचा ट्रॅक्टर मागून आणला होता. त्यावर सिद्रामच्या बायकोनं, अंजनीनं, उसाच्या सऱ्या सोडल्या, त्या दोरी धरल्यागत सरळ. "अण्णा, तुझ्यापरास वयनींचा हात लई सरळ हाय," असं राजकुमार डेअरीवर चारचौघांत बोलला आणि ते सिद्रामच्या मनात कुसळासारखं रुतलं.

पुढं स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायला नवराबायको संकेश्वरला गेले. शोरूमवाला म्हणाला, "साइडचा गेअर घ्या अण्णा. पायात काय येत न्हाय. वयनींनाबी साडीत बसता येतंय."

सिद्रामनं अंजनीकडं बघितलंसुद्धा नाही. "मधलाच द्या," तो म्हणाला. मधला गेअर म्हणजे दांडा दोन गुडघ्यांत घेऊन बसायचं. साडीत ते जमायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ट्रॅक्टरची पूजा झाली. दुसऱ्या दिवशी तो चहा पिऊन निवांत रानात पोचला, तर निम्म्या रानात सऱ्या पडलेल्या. सरळ.



रानात जाताना अंजनी रोज साडीवरनं त्याचा जुना शर्ट घालायची. आज शर्टाखाली साडी नव्हती, त्याचीच पँट होती.