उजवीकडून चुकलेली गाडी

विष्णूनं लाकूड घासायच्या ग्राइंडरची पिन सॉकेटमध्ये घातली आणि बायकोला जरा लांब बसायला सांगितलं. सुचित्रा हलली नाही. रविवार होता, शारजात अल मजाजला नणंदेकडे जेवायला जायचं होतं, आणि ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणून तिला वाटेत या गॅरेजात आणून बसवलं होतं.

समोर गाडी होती. म्हणजे गाडीच्या आकाराचं लाकूड आणि प्लॅस्टर. पन्नासेक वर्षांपूर्वी एका ब्रिटिश कंपनीसाठी इटलीतल्या डिझाइन स्टुडिओनं केलेला पूर्ण मापाचा नमुना. कंपनीनं तो पाहिला, आभार मानले आणि गाडी कधीच काढली नाही. आता तो जुन्या गाड्या जमवणाऱ्या उमर या अरबाच्या संग्रहात आला होता, आणि उद्या उमरचे पाहुणे तो बघायला येणार होते.

नमुन्याची उजवी बाजू डावीशी जुळत नव्हती. डावीकडचा दिवा गोल, उजवीकडचा पट्टीसारखा. डावीकडची खिडकी मागे उतरत गेलेली, उजवीकडची चढत. विष्णूनं पुण्यात मेकॅनिकल केलं होतं आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य आखातात ठोकलेल्या गाड्यांच्या दोन बाजू एकसारख्या करण्यात घालवलं होतं. त्यानं पहिल्या नजरेतच निदान केलं: ॲक्सिडेंट, आणि त्यावर कुणा अडाण्याची दुरुस्ती. इंजिन नसलेली लाकडी गाडी कुणाला जाऊन धडकली असेल, हा प्रश्न त्याला पडला नाही. उमरलाही नाही. तो म्हणाला, यल्ला, चल, जुळवून टाक.

“छान आहे की ही बाजू,” उजवीकडे बसलेली सुचित्रा म्हणाली.

“छान आहे, पण चुकीची आहे.”

“तुमचा एक डोळा बारीक आहे. मी लग्नात ग्राइंडर मागितला होता का?”

विष्णूनं ग्राइंडर खाली ठेवला. बेसिनवरचा आरसा काढून आणला, गाडीच्या नाकाच्या बरोबर मध्यावर डावीकडे तोंड करून उभा धरला आणि तिला उठवून दाखवला. अर्धं नाक आरशात पुरं झालं. गोल डोळ्यांची, शांत, घरंदाज गाडी. उद्या ही अशी दिसेल, त्यानं समजावलं. सुचित्रा म्हणाली, आता उलटा धरा.

तिचं समाधान व्हावं म्हणून त्यानं आरसा फिरवला आणि वाकून पाहिलं.

तिथं दुसरीच गाडी होती. बारीक डोळ्यांची, जमिनीला चिकटलेली, आता सुटेल की मग सुटेल अशी. तिची एकही रेघ चुकलेली नव्हती. त्या माणसांनी एकाच लाकडात दोन गाड्या करून पाठवल्या होत्या. यातली आवडेल ती घ्या म्हणून. विष्णूचा हात जरा हलला, तशी गाडीनं मान वळवली.

“अगं,” तो म्हणाला.

त्यानं आधी ग्राइंडरची पिन काढली. मग उमरला फोन लावला. ते जास्त अवघड होतं, कारण महिनाभर तो ॲक्सिडेंट त्यानंच रंगवून सांगितला होता.

उमर आला. विष्णूनं हिंदीत आपली चूक सांगितली, आरसा दोन्हीकडे धरून दाखवला. उमरनं वाकून दोन्ही गाड्या पाहिल्या. मग हळूच विचारलं, “कंपनीनं यातली कुठली घेतली?”

“एकही नाही.”

उमर पांढरा पायघोळ कंदुरा सावरत नाकाला वळसा घालून पलीकडे गेला. आणि लगेच परत आला, पहिली गाडी अजून तिथंच आहे का ते बघायला.