मुकी राखण

"हा नर मासा पिल्लं तोंडात सांभाळतो. आवाजानं घाबरला तर गिळून टाकेल आणि माझा वर्षभराचा अभ्यास वाया जाईल. पिल्लं बाहेर पडली की उठवा," असं बजावून जागरणानं थकलेली सून प्रयोगशाळेतल्या टेबलावरच झोपली. टाकीपुढं राखणीला बसलेल्या सासूबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं घर सरळ होतं, त्यांनी खोकलासुद्धा मुठीत दाबला. तेवढ्यात त्यांचा मुलगा दारातूनच ओरडला, "आई, किती वेळ?" त्यांनी धावत जाऊन त्याचं तोंड दाबलं. "मुडद्या, इथं बाप लेकरांसाठी उपाशी बसलाय," त्या कुजबुजल्या. वळून बघतात तर माशानं जबडा उघडलेला, पिल्लं एकेक बाहेर येत होती. सुनेला उठवायचं, पण हाक मारायची सोय नव्हती. सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या केसांवरून हात फिरवला. सून दचकून उठली. "आई, माझं काय चुकलं?"