नाव सांगा

"फोन इकडे द्या, प्रोफेसरबाई," ग्लेन पास्को म्हणाला आणि त्यानं ऑफिसच्या दाराला आतून कडी घातली.

रोविनानं फोन दिला. त्यानं तो बंद केला, स्वतःचाही बंद केला आणि दोन्ही खणात टाकले.

धोका दिसत असताना माणसं गप्प का बसतात, यावर रोविना टलक वीस वर्षं संशोधन करत होती. समुद्रातल्या तेलविहिरी झाल्या, रसायनांचे कारखाने झाले, आता क्वीन्सलँडमधली ही कोळशाची खाण. कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही असा शब्द देऊन ती महिनाभर कामगारांशी बोलत होती. काल एकानं सांगितलं, खाली मिथेन मोजणाऱ्या यंत्रावर कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी बांधतंय. वायू वाढला की ते यंत्र काम बंद पाडतं, म्हणून. सकाळी तिनं हे खाणीच्या मॅनेजरला, ग्लेनला, कळवलं होतं. नाव गाळून.

"पिशवी सापडली. काढली," ग्लेन म्हणाला. "कोण बोललं?"

"ते नाही सांगता येणार."

"खाण माझी आहे."

"शब्द माझा आहे."

तो उठला आणि दारापाशी जाऊन उभा राहिला. सहा फुटी धिप्पाड माणूस, मान लालबुंद. खिडकीबाहेर धुळीनं माखलेल्या गाड्या तेवढ्या उभ्या होत्या, माणूस एकही नव्हता. तोंड उघडणाऱ्यांचं पुढे काय होतं, हे तिनंच लिहिलं होतं. एकाची तर गाडी जाळली होती.

"तुम्हाला देशातल्या एकाही खाणीत पाय ठेवता येणार नाही, अशी व्यवस्था केली तर?"

"तर नाही ठेवणार."

"कोर्टात खेचलं तर?"

"तिथंही नाव मिळणार नाही." तिनं दाराकडे बोट केलं. "ग्लेन, दार उघडा. नाहीतर मी ओरडेन."

"ओरडा. खाणीत हवा सोडणाऱ्या पंख्यांच्या आवाजात कुणाला ऐकू जातंय? शेवटचं विचारतो. नाव?"

रोविनानं डोळे मिटले. मान हलवली. नाही.

खुर्ची करकरली. तिनं डोळे उघडले, तर तो समोर येऊन बसला होता आणि खणातून काढलेला तिचा फोन तिच्यापुढे सरकवत होता.

"मग आता माझं लिहून घ्या," तो कुजबुजला. "वायू उपसायचा पंप मंगळवारपासून बंद आहे. वरच्यांच्या हुकमावरून खोटे आकडे मीच भरतोय. वीस मिनिटांत दुपारच्या पाळीची त्रेचाळीस माणसं खाली उतरतील. मी पाळी अडवली तर मीच फुटलो हे वरच्यांना कळेल. सरकारी निरीक्षकाला आत्ता कळवा. फक्त... माझं नाव सांगू नका."