लेकीखालचा हात
जुळे सोलापुरातल्या सोसायटीची मीटिंग पार्किंगमध्ये भरली. नवरा ड्यूटीवर, म्हणून शिवलीला खाली आली. रात्रभर तापानं किरकिरलेली लेक आत्ता कुठं तिच्या खांद्यावर झोपली होती. ठराव एकच: गेटजवळचा बोअरचा नळ काढून टाकायचा. वॉचमनची बायको मीनाबाई तिथंच पाणी भरायची. दुसरीकडं तिला कोण भरू देणार? "बाजूनं हात करा," चेअरमन म्हणाले. हात झपाझप वर गेले. "विरोधात?" शिवलीलानं लेकीखालचा हात अलगद सोडवून वर केला. लेक दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं. "जा की वहिनी, बाळाला घेऊन बाहेर. त्यासाठी हात कशाला करायचा?" चेअरमन हसले. "चला, एकमतानं मंजूर." घरी जाऊन आडवं व्हावं, एवढंच शिवलीलाला वाटत होतं. हात मात्र तिनं खाली घेतला नाही. "हात विरोधाचा आहे, भाऊ. मोजा, मग जाते."