जुन्या नियमांचा खेळ

"खेळाचे नवे नियम आलेत, म्हणून जुनं पुस्तक निम्म्या किमतीत," सांगलीचा जुन्या पुस्तकांचा दुकानदार म्हणाला. "फासाबी घेऊन जा. आता ह्यानं कोण खेळतंय?"

कराडच्या खोलीवर येऊन राजरत्ननं आतून कडी घातली. या खेळात एकानं गोष्ट सांगायची, दुसऱ्यानं आपण काय करतो ते बोलायचं आणि फाशावर सहा पडले की ते घडलं. संध्याकाळी मित्र येणार होते, म्हणून तो एकटाच मोठ्यानं सराव करू लागला.

"तुझ्यासमोर बंद दार आहे. काय करतोस?"

"उघडतो," दाराबाहेरून थकलेला आवाज आला. "लय दिवसांनी कुणीतरी इचारलं, गड्या."

राजरत्ननं घाईघाईनं पुस्तक मिटलं.

कॉटवरचा फासा आपोआप गडगडला. सहा पडले.

आतून घातलेली कडी सावकाश वर सरकली.